अर्धा टन्या

बसायचं म्हणजे बसायचं, त्यात विचार तो काय करायचा, असं तुम्हा-आम्हाला वाटतं. खुर्ची दिसली, बूड टेकलं. पण एकशे अठ्ठेचाळीस किलोच्या माणसाला विचारा. तो आधी खुर्चीच्या पाठीवर तळहात ठेवतो, हलकेच दाबतो, तिला जरा डोलवून पाहतो आणि मग स्वतःला थोडं थोडं करत तिच्यावर सोडतो. टन्याने आयुष्याची वीस-पंचवीस वर्षं असं बसून काढली. गंमत म्हणजे त्याला पगार मिळायचा तोही बसण्याचाच.

टन्या हे काही आईवडिलांनी हौसेने ठेवलेलं नाव नव्हे. खुर्च्या दुरुस्त करण्याच्या त्या कारखान्यात तो पहिल्यांदा कामाला आला, तेव्हा दारातून आडवा होऊन आत शिरला. पॉलिश करणारा गडी, ज्याला सगळे वॉर्निश म्हणत, तो ब्रश उंचावून ओरडला, "टनभर माल आला रे!" त्या टनभराचा संध्याकाळपर्यंत टन्या झाला. नाव एकदा चिकटलं की सरसासारखं चिकटतं. पुढे त्याची बायकोसुद्धा रागात असली की त्याला याच नावाने हाक मारू लागली.

कारखाना म्हणजे एक लांबलचक पत्र्याची शेड. शाळांच्या, दवाखान्यांच्या, कचेऱ्यांच्या मोडक्या खुर्च्या एका दारातून आत यायच्या आणि धडधाकट होऊन दुसऱ्या दारातून बाहेर जायच्या. सांधे बसवायचे मोठे मिस्त्री. वेताच्या बैठकी विणायच्या वेतमावशी. रंग-पॉलिश वॉर्निशचं. आणि सगळं झालं की खुर्ची टन्यासमोर यायची. तो तिच्यावर बसायचा, डोळे मिटायचा, पुढे-मागे, डावी-उजवीकडे अंग टाकून पाहायचा. मग शेडभर ऐकू जाईल असं म्हणायचा, "बसलं!" की मिस्त्री बैठकीच्या खाली खडूने खूण करायचे आणि खुर्ची गिऱ्हाइकाकडे जायची. "नाही बसलं," म्हणाला, की पुन्हा बाकावर. आपल्या भाषेत काय काय बसतं! जम बसतो, घडी बसते, धक्का बसतो, दातखीळ बसते. पण त्या शेडमध्ये 'बसलं' या शब्दाचा अर्थ एकच होता, आणि तो उच्चारायचा हक्क एकाच माणसाचा होता. बारा वर्षं.

पाच वर्षांपूर्वी सासूबाई अंथरुणाला खिळल्या आणि टन्या बायकोबरोबर तिच्या माहेरगावी राहायला गेला. तिथे त्याला एका गोदामावर राखणदाराचं काम मिळालं. म्हणजे पुन्हा बसायचंच, फक्त इथे खुर्ची एकच आणि 'बसलं' म्हणायला ऐकणारं कोणी नाही. साखर वाढली, गुडघे बोलू लागले. डॉक्टरांनी तपासून कागद बाजूला ठेवले आणि म्हणाले, "असेच राहिलात तर लवकरच तुम्हाला उचलायला आठ माणसं लागतील. ती रडत असतील की धापा टाकत असतील, ते मला सांगता येणार नाही." बायको तिथेच रडली. टन्या हसला, पण घरी जाताना जिन्यात तीनदा थांबला.

मग तीन वर्षं त्या बाईने त्याचं ताट ताब्यात घेतलं आणि त्याने पहाटेचा रस्ता. चालायचा, घाम पुसायचा, पुन्हा चालायचा. सत्तर किलो गेले. कुठे गेले देव जाणे, पण गेले. आता काटा अठ्ठ्याहत्तर दाखवतो. लोक म्हणतात, चांगलं झालं. झालंच. जिना चढता येतो, बूट वाकून बांधता येतात, बसमध्ये शेजारचा माणूस सुस्कारा टाकत नाही.

पण एक गोष्ट डॉक्टरांनी सांगितली नव्हती. सासूबाई गेल्यावर दोघं जुन्या गावी परत आली, आणि तिथे टन्याला कोणी ओळखेना. ज्या चहावाल्याच्या बाकड्यावर त्याने बारा वर्षं चहा प्यायला, त्याने त्याला नवख्यासारखं विचारलं, "साखर घालू ना?" न्हाव्याने खुर्ची झटकून "कसे कापू?" म्हटलं. जे थोडे लोक ओळखायचे, ते दोनच प्रकारचे. एक प्रकार आवाज खाली आणून म्हणायचा, "रिपोर्ट काय म्हणतात?" दुसरा प्रकार डोळे चमकवून म्हणायचा, "कसं केलंस? सांग ना!" पहिल्यांना तो मरायला टेकलेला वाटायचा, दुसऱ्यांना जाहिरातीतला. पाच वर्षांत काय काय झालं, हे विचारावं असं कुणालाच वाटलं नाही.

आणि आज तो कारखान्यासमोर, रस्त्याच्या पलीकडे उभा होता. काम मागायला आला होता. पैशाची तशी फार ओढ नव्हती, बायको शिवणकामावर घर चालवत होती. ओढ होती ती त्या एका शब्दाची. पण काय तोंडाने मागायचं काम? सुताराचं काम त्याला येत नव्हतं, विणता येत नव्हतं, पॉलिशच्या वासाने शिंका यायच्या. त्याला येत होतं ते एकच, जड असणं. तेच टाकून आला होता.

"सरळ आत जा आणि सांग, मी टन्या," बायको सकाळी म्हणाली होती. "नाही म्हणाले तर परत ये. त्यात काय?"

त्यात काय, हे तिला कसं सांगायचं! रस्ता ओलांडून तो दाराशी गेला आणि सवयीने आडवा होऊन आत शिरला. त्या दारातून आता त्याच्यासारखे दोन जण शेजारी शेजारी आत गेले असते.

"या साहेब," वॉर्निश म्हणाला. "काय दुरुस्त करायचंय?"

साहेब! या माणसाने बारा वर्षं टन्याच्या डब्यातलं खाऊन टन्याच्याच पोटावर विनोद केले होते. त्याच्या तोंडून टन्याने 'अरे'च्या वर कधी काही ऐकलं नव्हतं. टन्या त्याच्याकडे बघून हसला. वाटलं, हसल्यावर तरी ओळखेल. पण पूर्वी त्या हसण्याला दोन्ही बाजूंनी गालांचा भरभक्कम आधार असायचा. आता नुसतेच दात दिसले.

वॉर्निशने मान तिरकी केली. "तुम्हाला कुठंतरी पाहिल्यासारखं वाटतंय." टन्या एक पाऊल पुढे सरकला. "थांबा, थांबा... तुम्ही आमच्या टन्याचे कोण? कपाळ अगदी तसंच आहे. आवाज काढा बघू?"

"भाऊ," टन्याच्या तोंडून निघून गेलं. "धाकटा."

का म्हणाला असेल? मला विचाराल तर घाबरला. 'मीच तो' म्हटलं असतं तर आधी ते दोन प्रश्न आले असते आणि मग नकार आला असता, तोही तोंडावर. भावाला मात्र लोक खरं सांगतात. शिवाय भाऊ झाल्यावर त्याला एकदम हलकं वाटलं, आणि ते वाटणं काही किलोतलं नव्हतं.

"मावशी!" वॉर्निश ओरडला. "टन्याचा भाऊ आलाय!"

वेतमावशी कोपऱ्यातून वेताची भेंडोळी सावरत आल्या. चष्म्यावरून बघितलं, चष्म्यातून बघितलं. "त्याला भाऊ आहे? कधी बोलला नाही तो."

"मी लांब असतो," टन्या म्हणाला.

"बसा, बसा." वॉर्निशने स्टूल पुढे सरकवलं.

टन्याने स्टुलावर तळहात ठेवला, हलकेच दाबला, जरा डोलवलं आणि मग बसला. वॉर्निश खो खो हसला. "मावशी, बघितलंत? घराण्याचीच खोड आहे ही! अहो साहेब, तुमच्या अंगावर मांस ते किती, आणि तुम्ही स्टूल तपासताय?" टन्या ओशाळून हसला. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही, आणि त्याचं तर नुसतं अर्धं अंगच गेलं होतं.

चहा आला. मावशींनी भावासारखीच लागत असेल म्हणून न विचारता साखर कमी घातली. टन्या कसा आहे, गुडघे कसे आहेत, अजून तेवढाच आहे का, असं सगळं त्या विचारत राहिल्या आणि तो "बरा आहे", "चाललंय" असं काहीबाही सांगत राहिला. एक खोटं बोललं की त्याला पोरंबाळं होतात. दहा मिनिटांत त्या धाकट्या भावाला नोकरी, घर आणि दमेकरी सासरा असा सगळा संसार झाला.

"तुमच्या भावाचा तो सभागृहाचा किस्सा माहिती आहे ना?" वॉर्निश रंगात आला. "दोनशे खुर्च्या! एका दिवसात! एकामागून एक बसला आहे पठ्ठ्या."

टन्याला तो दिवस चांगलाच आठवत होता. सभागृहाचा एक माणूस खुर्च्या न्यायला आला होता आणि दाराशी उभा राहून, टन्या प्रत्येक खुर्चीवर बसला की हसत आकडा मोजत होता. "बावन्न! त्रेपन्न!" आणखी दोघं-तिघं गोळा झाले होते. रात्री टन्या बायकोला म्हणाला होता, आज मी माणूस नव्हतो, खेळ होतो. त्या रात्री तो जेवला नव्हता, आणि तो जेवला नाही म्हणजे काय, ते घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

"आणि एकशे त्रेचाळिसावी खुर्ची," वॉर्निश म्हणाला. "हा म्हणतो, नाही बसलं. मिस्त्री म्हणतात, बसलंय. हा म्हणतो, नाही. मिस्त्री असे तापले! रागारागाने सांधा उघडला. आत बघतात तर नुसता भुसा. कीड लागलेली! वरून खुर्ची एकदम नवरी. त्या सभागृहवाल्याचं हसू असं बंद झालं, की मी म्हटलं याला पण किडीने खाल्लं की काय."

टन्या कपात बघत राहिला. ती कीड त्याला आठवतच नव्हती. इतकी वर्षं त्याने आकडे मोजणारा माणूस जपून ठेवला होता आणि भुशाने भरलेला सांधा विसरून गेला होता. लाज ही अशीच असते, आपल्याला हवं तेवढंच वेचून ठेवते.

त्याने कप खाली ठेवला. आता विचारायलाच हवं होतं. "समजा, तो परत आला. कामावर घ्याल?"

"म्हणजे काय! आज संध्याकाळी येऊ दे."

"आणि समजा... बारीक होऊन आला तर?"

वॉर्निशने ब्रश थांबवला, विचार केला आणि हसला. "बारीक टन्या? मग तो काय कामाचा? बारीक माणसं आमच्याकडे आहेत की ढिगाने. आणि आता आमच्याकडे नवा टन्या आहे. तो बघा."

भिंतीला टेकून वाळूची चार पोती रांगेने उभी होती. प्रत्येकावर वॉर्निशच्या हाताने लिहिलं होतं, टन्या. खाली एक, दोन, तीन, चार असे आकडे. "पस्तीस पस्तीस किलोची. चार पोती मिळून एक टन्या. खुर्ची झाली की ठेवायची वर. डबा खात नाही, घोरत नाही, शिंकत नाही."

टन्याने मनातल्या मनात हिशेब केला. दोन पोती म्हणजे सत्तर. तीन वर्षं पहाटे उठून त्याने जे घालवलं, ते त्या भिंतीला टेकून उभं होतं, आणि त्याच्या नावाने कामावर होतं. हसावं की रडावं ते त्याला कळेना. तो उठला. "निघतो मी."

"तुझ्या तोंडाला कुलूप घाल रे मेल्या," मावशी वॉर्निशवर कडाडल्या. "याचं काही मनावर घेऊ नका हो. तुमचा भाऊ गेला, तेव्हा हाच आठ दिवस भिंतीकडे तोंड करून जेवत होता."

"तिकडून वारा येतो म्हणून," वॉर्निश म्हणाला आणि उगाचच डब्यातलं पॉलिश ढवळू लागला.

टन्या दाराकडे वळला तेवढ्यात आतल्या दारातून मोठे मिस्त्री बाहेर आले. पाच वर्षांत ते चांगलेच वाकले होते. एका हातात दवाखान्याची लाकडी खुर्ची, दुसरा हात कानामागे. "कोण आहे?"

"टन्याचा भाऊ!" वॉर्निश त्यांच्या कानाशी जाऊन ओरडला.

मिस्त्रींनी टन्याकडे बघितलं. लाकूड विकत घेताना बघतात तसं, वरून खालपर्यंत, घाई न करता. "उभे का?" ते म्हणाले. "तिथे बसा."

त्यांनी दाखवलं तिकडे कोपऱ्यात टन्याची खुर्ची होती. टन्या कामाला लागल्याच्या दुसऱ्या वर्षी मिस्त्रींनी ती स्वतःहून केली होती, कोणी सांगितलं नव्हतं. बाकाएवढी रुंद, टेबलासारखे पाय, खाली तीन आडव्या काठ्या. दुपारी जेवायला तो तिच्यावर बसायचा. खुर्ची देताना मिस्त्री एवढंच म्हणाले होते, "दिवसभर दुसऱ्यांच्या तपासतोस. हिला तपासू नकोस." मावशींनी तिच्यावरची वेताची भेंडोळी उचलली आणि टन्या जाऊन त्या खुर्चीत धपकन बसला. पाय पसरले, मान मागे टाकली, डोळे मिटले. मग डोळे उघडून त्याने बाजूला पाहिलं. दोन्हीकडे वीतवीतभर जागा उरली होती. आपण एवढे होतो? त्याला लाज वाटली नाही, अभिमानही वाटला नाही. पेटीच्या तळाशी लहानपणचा सदरा सापडावा आणि तो अंगाला लावून बघावा, तसं काहीसं वाटलं.

मिस्त्री पुढे आले. त्यांनी हातातली खुर्ची त्याच्यासमोर ठेवली. "ही तिसऱ्यांदा परत आली. पोती ठेवली की हूं की चूं करत नाही. पेशंट बसला की कुरकुरते. पोतं बसतं, पण सांगत नाही."

"मिस्त्री, तुम्ही स्वतः बसून बघा की," वॉर्निश ओरडून म्हणाला.

"बसलो होतो. मला नाही ऐकू येत." मिस्त्रींनी खुर्चीच्या पाठीवरून हात फिरवला. "तीन वर्षं झाली. सांधा काय बोलतो ते मला ऐकू येत नाही."

वॉर्निशची मान खाली गेली. मिस्त्रींना कमी ऐकू येतं हे सगळ्यांना ठाऊक होतं, पण त्यांनी ते स्वतःच्या तोंडाने आज पहिल्यांदा सांगितलं होतं.

"तुमच्या भावाचं लोकांना वजनच दिसलं," मिस्त्री टन्याला म्हणाले. "वजन काय, म्हशीलाही असतं. तो ऐकायचा. कुठे दुखतंय ते खुर्ची त्याला सांगायची. बसा तुम्ही. घराण्यात कान असेल तर बघू."

"माझं वजन भरत नाही हो," टन्या मोठ्याने म्हणाला.

"बसा."

टन्या उठला. दवाखान्याच्या खुर्चीवर तळहात ठेवला, दाबला, तिला डोलवलं, बसला. डोळे मिटले. पुढे झुकला, मागे रेलला, डावीकडे, उजवीकडे. खुर्ची गप्प होती. पुन्हा मागे रेलला. काही नाही. चरबीबरोबर कानही गेला होता तर. डॉक्टरांनी काट्यावर एकेक किलो उतरताना दाखवला होता, पण त्याबरोबर आणखी काय काय उतरतंय, ते मोजणारा काटा कुठे होता? आणि मग उरलं काय? रस्त्यातला एक अठ्ठ्याहत्तर किलोचा माणूस, ज्याला कोणी ओळखत नाही, आणि ओळखावं असं ज्याच्याजवळ काही नाही.

"नाही येत ऐकू," तो म्हणाला. ते म्हणताना त्याला रडू फुटायचंच बाकी होतं.

मिस्त्री वॉर्निशकडे वळले. "पोती आण."

"चारही?"

"दोन."

"अर्ध्या टन्याने काय होणार, मिस्त्री?" वॉर्निश ओरडला.

"आण तू."

वॉर्निशने कुंथत एक पोतं आणून टन्याच्या मांडीवर ठेवलं, मग त्यावर दुसरं. टन्याची हनुवटी वाळूच्या पोत्यावर टेकली, पोत्याआडून नुसते डोळे आणि कपाळ दिसू लागलं. मांड्या चेपल्या. श्वास आखूड झाला. गुडघ्यांनी हे ओझं लगेच ओळखलं, पाठीच्या कण्याने ओळखलं. सगळं अंग जुन्या ठिकाणी गेलं, जसं अंधारात आपल्या घरातलं बटण हाताला बरोबर सापडतं. त्याने डोळे मिटले आणि अंग मागे, डावीकडे टाकलं.

टुक्.

कानाने ऐकूच आलं नसतं, एवढंसं. ते त्याला कमरेतून ऐकू आलं. पुन्हा अंग टाकलं. पुन्हा टुक्.

"नाही बसलं!" तो शेडभर ऐकू जाईल असं म्हणाला. दोन शब्दांच्या मध्ये एक धाप, पूर्वी असायची तशीच. "मागचा डावा पाय. वरचा सांधा नव्हे, खालच्या आडव्या काठीचा. पाचर आखूड पडलीय. माणूस दमून मागे रेलला की हलते. पोतं कशाला रेलतंय!"

वॉर्निशच्या ब्रशातून पॉलिशचे थेंब त्याच्याच चपलेवर पडत होते. मावशींच्या हातातून वेत सुटला आणि जमिनीवर गोल गोल उलगडत गेला.

"अरे गाढवा!" वॉर्निश म्हणाला.

त्या 'अरे'ने टन्याचा बांध फुटला. पोत्यावर डोकं ठेवून तो हमसून हमसून रडला. गावात आल्यापासून कोणी त्याला 'अहो' केलं होतं, कोणी साहेब केलं होतं, कोणी रुग्ण केलं होतं. गाढव म्हणणारं हक्काचं माणूस आत्ता भेटलं.

"पोतं भिजवू नकोस," वॉर्निश नाक ओढत म्हणाला. "वाळू जड होते. आणि काय ही दशा करून घेतलीस? आजारी आहेस का?"

"नाही."

"मग?"

"मुद्दाम केलं."

"मुद्दाम!" वॉर्निशला ते काही केल्या पटेना.

मावशींनी जवळ येऊन त्याच्या गालावर हात ठेवला. "गाल कुठे ठेवलेस रे?"

"घरी," टन्या रडता रडता म्हणाला, आणि मावशीही रडायला लागल्या.

"तुम्ही काय ओरडताय ते मला कळत नाही," मिस्त्री म्हणाले. ते एव्हाना पटाशी घेऊन खाली बसले होते. "पण ऊठ आता. सांधा उघडू दे." सांधा उघडला. पाचर बाहेर काढून त्यांनी उजेडात धरली. बोटाच्या पेराएवढी आखूड.

"तुम्ही कधी ओळखलंत?" टन्याने त्यांच्या कानाशी वाकून विचारलं.

"आतून बघत होतो. तुमचं बोलणं मला ऐकू आलं नाही, तू कोणाचा भाऊ झालास नि कोणाचा काका. मी नुसतं बघत होतो. तू दारातून आडवा आत आलास. स्टूल तपासून बसलास." मिस्त्री नवी पाचर तासत होते, मान वर न करता बोलत होते. "आणि ही तुझी खुर्ची न तपासता तिच्यात पडलास. ती मोडणार नाही, हे परक्याला कसं ठाऊक?"

"म्हणून दोन पोती?"

"अर्धा तू होतास ना."

पाचर ठोकली, सरस लावला. तो वाळेपर्यंत डबे उघडले गेले. बायकोने सकाळी हातात दिलेला टन्याचा डबा लहान होता, वॉर्निशने त्यात दोनदा डोकावून पाहिलं आणि पाच वर्षांची राहिलेली चेष्टा एका जेवणात आटोपून घेतली. मग खुर्ची पुन्हा पुढे आली. टन्या बसला, वॉर्निशने न सांगता दोन पोती त्याच्या मांडीवर ठेवली. पुढे, मागे, डावीकडे, उजवीकडे. मिस्त्री हातात खडू धरून त्याच्या ओठांकडे बघत होते.

"बसलं!"

मिस्त्रींनी खुर्ची उलटी करून खूण केली.

टन्या उभा राहिला. मांड्यांवर पोत्यांचे वळ उमटले होते, तो ते चोळत होता. एक शेवटची शंका उरली होती, ती त्याने मिस्त्रींच्या कानाशी वाकून विचारली. "मिस्त्री, पण म्हणजे रोज मी हे ओझं घेऊन बसायचं?"

"कामापुरतं घ्यायचं," मिस्त्री म्हणाले. "संध्याकाळी इथे ठेवून घरी जायचं."

टन्याने मान हलवली. दाराशी गेला, सवयीने आडवा व्हायला लागला, थांबला आणि सरळ बाहेर पडला. तोच मागून मिस्त्रींची हाक आली. बहिऱ्या माणसाची असते तशी, अख्ख्या रस्त्याला ऐकू जाईल अशी.

"टन्या! उद्या आठला ये. आणि येताना भावाला आणू नकोस. जागा एकाचीच आहे."